गाय कुणी केली

१२ मार्च २०१३, मंगळवार
दुष्काळाच्या चारा छावणीला आज महिना झाला. वडवणीच्या पुढचा तो उघडा माळ, संस्थेनं टाकलेलं शेडनेट, खाली जनावरंच जनावरं. दूध संस्थेचा पगारी डॉक्टर म्हणून सकाळी सात ते दोन माझी ड्यूटी. आज दोन जर्शी गायी बसल्या त्या उठल्या नाहीत. गावरान मात्र काडी चघळत उभ्या. बारा वर्षं मीच घरोघर फिरून सांगितलं, जर्शी घ्या, दूध वाढवा.
घरी बायकोनं, विमलनं, विचारलं, आज किती? मी हातपाय धुवायला गेलो.

१९ मार्च, मंगळवार
टँकर उशिरा आला. तोवर लोक माझ्याभोवती बसले. एकानं विचारलं, गावरान कावून टिकती अन् जर्शी कावून पडती?
बोलत गेलो. हजारो वर्षांत कितीतरी दुष्काळ पडले. ज्यांना सोसवलं नाही त्या गेल्या, सोसलं त्यांचीच वासरं पुढं आली. असं होत होत ही गाय घडली.
गयाबाई शेवटी बसली होती. खालच्या वाडीची, साठीची. मुलगा-सून ऊसतोडीला. तिची जर्शी हरणी, सात महिन्यांची गाभण, दावणीला.
"मंजी गाय देवानं न्हाई केली?"
"दुष्काळानं केली म्हणा."
"मंग दुष्काळ कुणी केला?"
सगळे हसले. मीही. संस्थेचे चेअरमन मागं जीपला टेकून ऐकत होते. त्यांनी टाळी वाजवली.

२३ मार्च, शनिवार
तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही. कॉलेजात असताना उत्क्रांती वाचली आणि देव सुटला, कसलं भांडण न होता. दुधाचा दात पडावा तसा.
मग आमची मुलगी, रेवा. पाच वर्षांची होऊन गेली. स्नायूंचा आजार, जनुकात एक अक्षर चुकलेलं. विमल तेव्हा देवघरापुढं डोकं आपटून घ्यायची, माझ्याच लेकराला का? मी म्हणालो, कुणी मुद्दाम केलेलं नाही. नक्कल करताना चूक होते, तशी झाली. ती शांत झाली. देवघराला पडदा लावला तो कायमचा. आठ वर्षं.
मला तेव्हा वाटलं होतं, विज्ञानानं निदान एक माणूस वाचवलं.

२ एप्रिल, मंगळवार
चारा निम्म्यावर. उसाच्या गाड्या येईनात. चेअरमननी ऑफिसात बोलावलं.
"डॉक्टर, जगणार न्हाईत अशा जनावरांची यादी द्या. त्यांचा चारा बाकीच्यांना टाकू."
म्हणालो, असं कसं.
"तुमीच म्हणलात की त्या दिवशी. निसर्ग छाटणी करतो. आपण थोडा हातभार लावायचा."
"मी घडलं ते सांगत होतो. करा असं नव्हतो म्हणत."
"शास्त्र तेच ना? मंग सगळ्यांना निम्मं निम्मं टाकतो. सगळीच मरतील. तुमी सांगा."
 

३ एप्रिल, बुधवार
यादी दिली. पापण्या उलटून बघितल्या, बरगड्या चाचपल्या, कानातल्या बिल्ल्यांचे नंबर लिहिले. हरणीपाशी थांबलो. पापणी कागदासारखी पांढरी, पोटात वासरू. एकीचा चारा दोघांना लागणार. गयाबाई पाणी आणायला गेली होती.
लिहिला नंबर.
अक्षर नेहमीसारखंच आलं. तेच लिहून ठेवतोय.

११ एप्रिल, गुरुवार. पाडवा.
घरी आलो तर दारात गुढी. आठ वर्षांनी. आत देवघराचा पडदा काढलेला.
विमलला यादीचं कळलंय. शेजारणीचा बैल होता त्यात.
"देव न्हाई म्हणता, अन् त्याचं काम तुमीच करायलात."
म्हणालो, चारा निम्मा होता, कुणाला तरी…
पुढं बोलू दिलं नाही. "रेवाच्या वेळी म्हणालात, कुणी मुद्दाम केलं न्हाई. त्या एका वाक्यावर आठ वर्षं काढली मी. हे तर मुद्दाम केलंत ना?"
पुरणपोळी केली होती. दोघांनीही खाल्ली नाही.

१८ एप्रिल, गुरुवार
हरणी गेली. दुपारी, ऐन उन्हात. पंधरा दिवस गयाबाई लांबून लांबून सुबाभळीचा पाला आणून घालत होती. तेवढ्यावर निघाली तेवढी.
तिच्यासमोर नको म्हणून बाजूला नेऊन पोट फाडलं. संस्थेच्या विम्याला रिपोर्ट लागतो. वासरू जवळजवळ पुरतं झालेलं. खूर मऊ, पिवळे, मेणासारखे. कपाळावर केसांचा भोवरा. इतकं नीट, इतकं निगुतीनं. कुणी केलं असेल तर तो फार वाया घालवणारा आहे. आणि कुणीच केलं नसेल तर मग हे नीटपण…
गयाबाई आभाळाकडं तोंड करून ओरडत होती. "डोळं फुटले का रं तुझे! माझीच दावण दिसली तुला!" तासभर शिव्या. मी शेजारीच उभा. त्या शिव्या माझ्या होत्या. देवानं घेतल्या.

२० एप्रिल, शनिवार
राहवेना. खालच्या वाडीला गेलो. गयाबाई रिकाम्या दावणीपाशी बसलेली.
"मावशी, हरणीचा नंबर मी दिलता."
"ठावं हाय."
"मंग मला कावून बोलला न्हाईत?"
दाव्याची गाठ सोडून परत बांधली तिनं. मग म्हणाली, "तुमाला बोलून काय व्हतंय, डॉक्टर? तुमी ऐकता अन् काय करीत न्हाईत, ते दिसतंय. देवाचं दिसत तरी न्हाई."
चहा केला तिनं. कोरा. प्यालो.

२२ एप्रिल, सोमवार
यादीबाहेरचीही मरायला लागलीत. मी धडधाकट म्हणून ठेवलेला खिलार बैल आज गेला. आणि यादीतली एक म्हातारी म्हैस, कुणी तरी शेवाळलेल्या डबक्यावर सोडून दिलेली, अजून हिंडतीय. माझ्या शास्त्राला मागचं सगळं दिसतं, पुढचं काहीच नाही. हे मला माहीत होतं. तरी नंबर लिहिले.
आता वाटतं, उत्क्रांतीमुळं देव आहे की नाही ते ठरत नाही. असेल तर कसा असेल, तेवढं कळतं. ते कळलं की नसलेला बरा.

२६ एप्रिल, शुक्रवार
विमल पालीला बहिणीकडं गेली. देवघरातला बाळकृष्ण पिशवीत घालून नेला. किती दिवस, बोलली नाही. स्टँडवर सोडायला गेलो तर म्हणाली, जा तुमी, ड्यूटी असंल.

३० एप्रिल, मंगळवार
चेअरमनना दुसरी यादी पाहिजे. नाही म्हणालो.
"डॉक्टर, देवधर्म लागला का काय?" हसून म्हणाले.
"न्हाई."
"मंग?"
 देवाला भिऊन नाही म्हणालो असतो तर सांगायला सोपं गेलं असतं.

३ मे, शुक्रवार
चेअरमननी बाहेरून दुसरा डॉक्टर आणला. तरुण, हुशार. दीड तासात यादी झाली. माझ्या नकारानं एका जनावराचाही जीव वाचला नाही. उलट त्यानं गाभण तेवढ्या सगळ्या यादीत धरल्या.

५ मे, रविवार
पालीला गेलो. बीडला गाडी बदलून. विमल घरी नव्हती. मेहुणी म्हणाली, धरणाकडं गेली असंल, रोज जाती.
बिंदुसरा धरणाचा तळ उघडा पडलाय. मधोमध हिरवट डबकं, त्यावर चार बगळे. बाकी भेगाळलेला गाळ, त्यात शिंपले, माशांचे काटे. ती काठाच्या दगडावर बसली होती. शेजारी बसलो. चल म्हणालो नाही.
दुसरी यादी दिली नाही, ते सांगितलं. तिनं मान हलवली. जनावरं? म्हणाली. सांगितलं.

"एक विचारू का?" तिनंच सुरुवात केली. "समजा तो हाय. समजा भेटला आपल्याला, अन् रेवाचं विचारल्यावर म्हणला, काय करू बाई, चारा निम्माच होता. तर तुमी सोडाल त्याला?"
रागानं विचारलं नव्हतं. खरंच विचारत होती.
"नाही," मी म्हणालो.
तिनं माझ्याकडं बघितलं. उठली, साडीला लागलेली माती झटकली आणि गावाकडं चालायला लागली. सावकाश चालत होती. मी मागून यावं म्हणून, की उन्हानं, कळलं नाही.
पाचची गाडी गेली. मी अजून इथंच बसून लिहितोय.