दोन तास दहा मिनिटं

रविवार, १४ सप्टेंबर
दुपारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र एप्रिलमध्ये आलं आणि मी उत्तर सप्टेंबरात लिहिते आहे, त्याबद्दल आधी माफी माग‌ते. कामाचा व्याप होता असं लिहिणार होते. व्याप होताच, पण पाच महिने पुरेल एवढा नव्हता. चार वेळा कागद घेऊन बसले आणि चारही वेळा 'पत्र मिळालं, आनंद झाला' याच्या पुढे गेले नाही.

आशीर्वाद लिहावेत की नाही यावरही थोडा वेळ गेला. मोठी बहीण म्हणून ते आपोआप लिहिले जातात. शेवटपर्यंत वाचून झालं की घ्यायचे की परत करायचे ते तूच ठरव.

तुझं पत्र साडेतीन ओळींचं. 'चिमणीला तो जुन्या वळणाचा, हातात मावणारा लिनक्सचा संगणक हवा आहे. डिसेंबरात वाढदिवसाला मागते आहे. तुझ्याकडे आहे. घ्यावा का, एवढंच सांग. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.' फोन करू नकोस असं मीच म्हटलं होतं, म्हणून तू पत्र पाठवलंस, हेही कळलं. तुझी चिमणी आता तेरा वर्षांची असेल. मला ती दहाची आठवते, पुढचे दोन दात मोठे आणि सतत 'का?' विचारणारी.

तर आधी विचारलंस त्याचं उत्तर.

माझ्याकडचा घेऊन साडेचार वर्षं झाली. जाड, राखी प्लास्टिकची पेटी, वर काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, खाली चण्याएवढ्या कळा. बाबांनी पाहिल्या पाहिल्या त्याला 'साबणाची डबी' नाव ठेवलं होतं. प्रयोगशाळेतल्या सहकारिणी अजून विचारतात, "मॅडम, फोन बिघडलाय का? कॅल्क्युलेटर घेऊन फिरताय ते?"

दोष आधी सांगते. बॅटरी जेमतेम तीन तास. तास-दीड तास लिहिलं की अंगठे भरून येतात. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. मराठी लिहिता येतं, पण हिरव्या अक्षरांच्या खिडकीत जोडाक्षरं फुटतात, 'प्रश्न' लिहिला तर तीन तुकडे होऊन पडतो. सिनेमा पाहणं, चित्रं काढणं, मैत्रिणींशी गप्पा, यातलं काहीच त्यावर धड होत नाही. घरात पडलेला जुना फोन याच्या दसपट कामं करतो. आणखी एक दोष आहे, तो शेवटी लिहिते.

मग घ्यावाच कशाला? मीही हे स्वतःला बऱ्याचदा विचारलं. लहानपणच्या वस्तूंसारखा दिसतो म्हणून घेतला असेल, तर ते फसवं आहे. लहानपण काही त्या पेटीत बसून येत नाही. पण एक गोष्ट खरी आहे, ते मशीन आपल्याला काही विचारत नाही. जाहिरात नाही, आठवण करून देणं नाही. तुम्ही सांगाल तेवढं करतं, चुकीचं सांगितलं तर चुकीचंही तितक्याच इमानाने करतं, आणि काय काय केलं ते लिहून ठेवतं. उघडून आत बघता येतं. चिमणी अजून 'का?' विचारत असेल तर तिला ते आवडेल. नुसतं दिसायला छान म्हणून मागत असेल तर दोन महिन्यांत खणात जाईल.

इथलं सांगायचं तर माझं तेच चालू आहे. पाणी तपासतो, अहवाल देतो. नव्या साहेबांना नमुन्याच्या बाटलीवर वेळ लिहिलेली नसली तरी चालते. मला चालत नाही. वेळ नसलेला नमुना मी ओतून देते आणि माणसाला परत पाठवते. मागे मला 'घड्याळबाई' म्हणतात. दर सोमवारी प्रत्येक उपकरण ठरलेल्या मापाशी पडताळून पाहते, मगच त्याचा आकडा मानते. वीस वर्षांत एकही सोमवार चुकवलेला नाही.

हे वरचं वाक्य लिहून उठले होते. भांडी घासून आले. आता लिहिते.

राहिलेला दोष असा. आपल्या फोनमध्ये, साध्या संगणकात, बंद केल्यावरही घड्याळ चालू राहील अशी सोय असते. माझ्या डबीत ती नव्हती. ती बंद केली की तिचं घड्याळ थांबतं. पुन्हा चालू केली की थांबलं होतं तिथूनच चालू लागतं. मग इंटरनेट मिळालं की ती खरी वेळ विचारून घेते आणि गुपचूप पुढे सरकते. घरात वायफाय असतं, त्यामुळे हे कधी कळतच नाही. दिवे गेले असतील तर मात्र वायफायही नसतं.

तुला आता कळलं असेल. तरी मी पूर्ण लिहिते, कारण हे मी लिहायला हवं, तू ओळखून घ्यायला नको.

बाबांच्या शेवटच्या दोन महिन्यांत औषधांच्या नोंदींसाठी मी त्या डबीवर छोटा प्रोग्रॅम केला होता. दुखणं थांबवणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या औषधाचे थेंब दिले की एक कळ दाबायची, वेळ आपोआप उमटायची. तू म्हणाला होतास, "ताई, वही ठेवू या ना. साधी वही." मी म्हटलं, "वहीत माणूस सोयीने लिहितो." बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "आता साबणाची डबी मला औषध पाजणार!" आणि तू हसलास. मला राग आला होता. एवढ्या मेहनतीने केलेल्या गोष्टीला तुम्ही दोघं हसता म्हणून.

त्या दिवशी दुपारी बाराला मी थेंब दिले आणि साडेबाराला कामावर गेले. जायलाच हवं होतं का? नव्हतं. एका तळ्याचा अहवाल होता, तो दुसऱ्या दिवशी दिला असता तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. पुढचे थेंब चारला द्यायचे होते, चार तासांच्या आत अजिबात नाही, हे मी तुला तीनदा बजावलं. मी गेल्यावर दिवे गेले. साडेपाचला आले तेव्हा बाबा गाढ झोपेत होते, हाक मारली तरी उठेनात, आणि सातच्या आत सगळं संपलं.

डबीवर नोंद होती : पहिले थेंब १२:०१, दुसरे १:४८.

मी ती तुझ्यापुढे धरली. आत्या तोवर आली होती, खुर्चीत बसली होती. तू म्हणालास, "अगं ताई, भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते. मी बघून दिले." मी म्हटलं, "भिंतीवरचं घड्याळ चुकतं. हे चुकत नाही." तू म्हणालास, "मी मधे ते बंद केलं होतं गं, बॅटरी राहावी म्हणून." हे वाक्य मी ऐकलं होतं, धाकट्या. तीन वर्षं ते शब्दन् शब्द माझ्या लक्षात आहे. तेव्हा मला वाटलं, याचा इथे काय संबंध? कारणं देतोय. आणि मी म्हटलं, "तुला सुटायचं होतं. दोन तासांत दोनदा पाजलंस म्हाताऱ्याला, लवकर निजवून मोकळा झालास."

बाबांना मी कधी म्हातारा म्हटलं नव्हतं. ते एकदाच म्हटलं, ते तुला लागावं म्हणून.

आत्याने डबी हातात घेतली, चष्मा वर-खाली करून आकडे वाचले आणि म्हणाली, "मशीन कशाला खोटं बोलेल?" पुढे हे वाक्य तिने सगळ्या नातेवाइकांत फिरवलं. तू गेलास. वर्षश्राद्धाला आलास तेव्हा तुझ्याशेजारी कुणी बसलं नाही. मी पाहत होते.

मागच्या रविवारी मी डबीतलं त्या दिवसांचं मेमरी कार्ड काढलं. ते मी वेगळं जपून ठेवलं होतं. कशासाठी, तेही लिहिते : पुरावा म्हणून. मशीन स्वतःची जी रोजनिशी ठेवतं, बंद कधी झालं, चालू कधी झालं, ती मी पहिल्यांदाच उघडली. चारचौघांत मी याच रोजनिशीचं कौतुक करते. तिच्यात असं आहे :

१:४६ ला बंद. लगेच खालच्या ओळीत चालू, वेळ तीच, १:४६. मग १:४८ ला तुझी नोंद. मग ३:१२ ला एक ओळ, 'घड्याळ दोन तास दहा मिनिटांनी पुढे केलं'. त्याच्या खालची ओळ ५:२२ ची. तेव्हा दिवे आले असणार.

हिशोब सोपा आहे. तू थेंब दिलेस ते तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. जवळजवळ चारला, मी सांगितलं होतं तसेच. मी दिले असते तर याहून अचूक दिले नसते.

इथे थांबले असते तर पत्र बरं दिसलं असतं. ताईला मागच्या आठवड्यात कळलं, ताईने लगेच कळवलं. तसं नाही.

दीड वर्षापूर्वी एका तळ्यावर नमुने घ्यायला गेले होते. तिथे रेंज नव्हती, आणि डबी मी मधेमधे बंद करत होते. घरी येऊन पाहिलं तर डबीवरच्या नोंदींच्या वेळा एकमेकींवर चढलेल्या. कारण शोधलं, लगेच सापडलं. नाण्याएवढ्या सेलवर चालणारा घड्याळाचा तुकडा मागवला आणि स्वतः सोल्डर करून आत बसवला. तेव्हा, हातात डाग द्यायची गरम कांडी असताना, मनात आलं : मग त्या दिवशी? एवढंच. पुढचं वाक्य मी होऊ दिलं नाही. कांडी ठेवली, हात धुतले आणि भाजी चिरायला घेतली. मी रोज रात्री पानभर लिहिते हे तुला माहीत आहे. त्या दिवसाचं पान काढून पाहिलं. 'घड्याळ बसवलं. आता वेळ बरोबर दाखवतं.' त्याखाली काही नाही.

दीड वर्ष मी ते कार्ड खणात ठेवून वावरले. तुझं पत्र आल्यावर पाच महिने गप्प बसले, कारण त्या मशीनचे दोष लिहायला घेतले की हा दोष लिहावा लागणार होता. तो न लिहिता 'घे, छान आहे' असं पाठवायचंही डोक्यात आलं होतं. मग चिमणीने ते उघडलं असतं, घड्याळ का चुकतं म्हणून तुला विचारलं असतं, आणि तू तिला समजावता समजावता मधेच थांबला असतास. त्यापेक्षा मीच सांगावं. बघ, यातही मी माझंच बघते आहे.

आणखी एक. बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी मी डॉक्टरांकडे एकटी गेले होते. थेंब दोनदा गेल्यामुळे झालं का, असं विचारलं. ते म्हणाले, "बाई, त्यांचे तास भरलेले होते. तेवढ्या थेंबांनी काही झालेलं नाही." म्हणजे चूक तुझीच धरली, तरी बाबा त्याने गेले नव्हते. हे मी कुणाला सांगितलं नाही. दोष कुणाचा तरी असायला हवा होता. नाहीतर बाबा जाताना मी तळ्याच्या पाण्याचे आकडे लिहीत बसले होते, एवढंच उरलं असतं.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुला त्यावर काहीतरी करावं लागेल. घरी ये असंही लिहीत नाही. रोजनिशीच्या त्या पाच ओळी उतरवून सोबत जोडल्या आहेत, आणि कार्डही. तुझ्याकडे असू दे. तुला मशीनवर विश्वास ठेवायचा नसेल, तर तुझं भिंतीवरचं घड्याळ बरोबर होतं, हे माझ्या अक्षरात त्या ओळींखाली लिहून सही केली आहे.

चिमणीसाठी उत्तर : घे. घड्याळाचा तुकडा आधीपासून आत असलेला मिळतो का ते बघ. नसेल तर तो तिलाच बसवू दे. आणि तिला सांग, त्यावरचा कुठलाही आकडा पडताळल्याशिवाय कुणाच्या तोंडावर धरायचा नाही. हे कुणाकडून शिकलास असं तिने विचारलं तर माझं नाव सांग.

पत्र लांबलं. तू साडेतीन ओळी लिहिल्या होत्यास.

थेंब वेळेवर देणाऱ्या माझ्या भावाला,
त्याची ताई

उद्या : कामावर जायच्या आधी आत्याकडे जाऊन हे सगळं सांगणे. तिथे बसायच्या आधी.