दोराशिवाय उतरवलेली अलमारी

माधव नगर, उज्जैन
१० ऑक्टोबर १९५७

प्रिय माणिक,

तुझं पत्र परवा मिळालं. तेव्हापासून दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा फाडलं. मुद्देसूद लिहा म्हणून पोरांच्या मागे लागणारा मी, पण स्वतःवर वेळ आली की असा पाचोळा होतो. सोमवारी भेरूलालच्या खटल्याची पेशी आहे. तू लिहिलंस की त्या हमालाला पुरती शिक्षा झाल्याशिवाय ह्यांच्या आत्म्याला शांती नाही, आणि दादा, तुझ्या साक्षीवरच सगळं आहे. खरं आहे. माझ्या साक्षीवरच सगळं आहे. वकील म्हणतात, विचारलं तेवढंच बोला मास्टरसाब, एक वाक्य पुरे आहे.

आधी इकडची खबरबात. तुझी कुसुमवहिनी बरी आहे, तुझ्या ट्रेनिंग कॉलेजातल्या जेवणाची तिला फार काळजी. शाळेच्या पाटीवरचं ‘मध्यभारत’ गेलं आणि ‘मध्यप्रदेश’ आलं, पण रंगाऱ्याने आळस केला आणि जुन्या अक्षरांवरच नवी काढली, त्यामुळे ऊन पडलं की दोन्ही राज्यं एकदम दिसतात. हेडमास्तर रोज पाटीखाली उभे राहून हळहळतात. नववीचं विज्ञान अजून माझ्याकडेच आहे. फक्त बलाचा आणि घर्षणाचा धडा या वर्षी दुसऱ्या मास्तरांना दिला. घसा बसलाय असं सांगितलं. घसा ठणठणीत आहे, माणिक. खडू हातात घेऊन फळ्यावर बाण काढायला गेलो आणि हात पुढे जाईना.

त्या दिवसाची हकिगत तुला चार जणांनी चार तुकड्यांत सांगितली, आणि तुझी तेव्हाची अवस्था बघता त्यातलं काय तुझ्यापर्यंत पोचलं कोण जाणे. मी क्रमाने सांगतो. नवं राज्य व्हायला आठवडा उरला होता, दिवाळी तोंडावर होती आणि तुझ्या जयंतरावांच्या कचेरीचं सगळं दप्तर भोपाळला जायचं होतं. तुमचंही सामान बांधून झालं होतं. लोणच्याच्या बरण्यांना तू माझी जुनी धोतरं गुंडाळलीस म्हणून आपलं भांडण झालं होतं. जयंतराव सकाळी घरी आले आणि म्हणाले, मास्तर, सुटी आहे तर चला, आमची शेवटची अलमारी उतरताना बघा, तुमच्या पुस्तकातलं सगळं तिथे जिवंत बघायला मिळेल. ते मला कौतुकाने मास्तर म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. कौतुक मला नेहमीच जरा जास्त आवडत आलं आहे.

अलमारी वरच्या मजल्यावर होती. लोखंडी, नकाशांनी भरलेली, आठ माणसांनाही न उचलवणारी. खाली यायला बाहेरून एक सरळसोट दगडी जिना. हमालांनी पायऱ्यांवर जाड फळ्या टाकून उतार केला होता. असं ओझं उतरवायची त्यांची एक रीत आहे. ओझ्याला दोर बांधायचा, वरच्या ओसरीच्या खांबाला त्याचे दोन वेढे द्यायचे, आणि एकाने खांबाशी बसून तो वीत वीत सोडायचा. खांबच वजन पेलतो, माणसाने फक्त सोडायचं. भेरूलाल त्या टोळीचा मुकादम, भैरवगढचा, पन्नाशीचा माणूस. खांबाशी तोच बसायचा. पण त्या दिवशी पहिल्या ट्रकचा माल बांधताना त्यांचा मोठा दोर त्याच ट्रकबरोबर निघून गेला होता. दुसरा आणायला देवास गेटला माणूस पाठवायचा म्हणजे तासाची खोटी. खाली ट्रकवाला भोंगा वाजवत होता, हेडक्लार्क घड्याळ बघून सगळ्यांवर तोंड टाकत होते. भेरूलालचं एकच म्हणणं, दोर आल्याशिवाय अलमारी उंबऱ्याबाहेर काढणार नाही.

इथपर्यंत सगळं तुला ठाऊक आहे. पुढचं तुला कोणी सांगितलं नाही, कारण ज्यांनी पाहिलं ते सगळे बाबूलोक आठवडाभरात भोपाळला गेले, हमालांना कोणी विचारलं नाही, आणि जो इथे उरला तो मी.

दोराची गरज नाही, असं मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं. मी खिशातला खडू काढला, सुटीतही माझ्या खिशात खडू असतो, आणि जिन्याच्या भिंतीवर उतार काढला. त्यावर एक चौकोन, चौकोनातून सरळ खाली जाणारा वजनाचा बाण, उताराच्या दिशेने ओढणारा लहान बाण, आणि त्याच्या उलट घर्षणाचा बाण. उतार इतका कमी आहे की घर्षण ओढीला पुरून उरतं, म्हणून अलमारी आपणहून घसरणार नाही. थोडी ढकला, थांबेल. पुन्हा ढकला, पुन्हा थांबेल. खात्री पटावी म्हणून दप्तराची एक लोखंडी पेटी फळीवर ठेवून दाखवली. ती जागची हलली नाही. बाबूलोक वाहवा करू लागले. जयंतराव हेडक्लार्कना म्हणाले, आमचे मेहुणे आहेत. ते वाक्य माझ्या कानात अजून आहे.

भेरूलालने बाणांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने फळीवर तळवा फिरवला आणि म्हणाला, “मास्टर साब, ठेरी हे जद तक ठेरी हे. चाली तो फेर रुकेगी नी.” थांबली आहे तोवर थांबली आहे, एकदा चालू लागली की मग थांबायची नाही. माणिक, हे पुस्तकात आहे. थांबलेल्या वस्तूला धरून ठेवणारं घर्षण जास्त असतं, चालू लागलेल्या वस्तूचं कमी. मी ते अकरा वर्षं शिकवलंय. त्याच आठवड्यात सहामाहीच्या पेपरात मी हाच प्रश्न घातला होता, आणि बरोबर उत्तराला चारपैकी चार गुण दिले होते. त्या अडाणी माणसाने माझ्या तोंडावर ते बरोबर उत्तर दिलं आणि मला ते ओळखू आलं नाही. ओळखू आलं नाही असं तरी का म्हणू? आतून कुठेतरी टोचलं होतं. पण भिंतीवर बाण काढून झाले होते आणि वीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “इतने साल बोझा ढोया मुकादम, कभी सोचा भी कि बोझा रुकता क्यों है?” सगळे हसले. भेरूलालने मान खाली घातली आणि अलमारीला खांदा लावला.

पहिल्यांदा ढकलली तेव्हा अलमारी दोन पायऱ्या जाऊन थांबली. दुसऱ्यांदाही थांबली. मी सगळ्यांकडे बघून घेतलं. जयंतराव खाली फळीच्या तोंडाशी उभे होते, अलमारी वाकडी होऊ नये म्हणून दिशा धरायला. बाकीचे बाजूला होते, तेच समोर होते, कारण त्यांना माझ्यावर विश्वास होता. तिसऱ्यांदा ती थांबली नाही. भेरूलाल ओरडला, हटो, हटो. जयंतरावांना बाजूला उडी मारायला वेळ होता, मी शपथेवर सांगतो, वेळ होता. पण त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ती थांबेल असं त्यांना मी सांगितलं होतं ना.

सगळे त्यांना उचलून टांग्याकडे धावले. मी मागे राहिलो. तू नंतर विचारलंस, दादा, तू इस्पितळात उशिरा का आलास, आणि मी म्हणालो, टांगा मिळाला नाही. टांगे खाली उभेच होते. मी रुमालाने भिंतीवरचे बाण पुसत होतो. संध्याकाळी चौकशीला साहेब आले, त्यांनी विचारलं काय झालं, आणि मी म्हणालो, हमालांनी दोर लावला नव्हता. यात एक अक्षर खोटं नाही. तेच वाक्य पंचनाम्यात गेलं, हेडक्लार्कनी खाली सही केली, आणि तेच वाक्य सोमवारी मला पुन्हा म्हणायचं आहे.

आणखी एक. जयंतराव शेवटी काय बोलले, असं तू मला बाराव्या दिवशी विचारलंस. मी म्हणालो, तुझं नाव घेतलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत नीच खोटं तेच, कारण ते मी प्रेमाने बोललो आणि तू त्यावर वर्ष काढलंस. ते तुझं नाव घेऊ शकले नाहीत, माणिक. इस्पितळात तू खोलीबाहेर गेली होतीस तेव्हा माझा हात धरून ते एवढंच म्हणाले, “मास्तर, दोर हवा होता.” रागावले नव्हते. पोरगं चुकलेलं गणित मास्तरांना दाखवतं तसं म्हणाले. ते गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी भेरूलाल हात जोडून आपल्या दारात आला होता. तू त्याला म्हणालीस, माझ्या नवऱ्याला मारून वर तोंड दाखवायला आलास. त्याने खोलीत माझ्याकडे पाहिलं. त्याला एक शब्द पुरला असता. तो बोलला नाही, तसाच निघून गेला. का, ते मी त्याला अजून विचारू शकलेलो नाही. त्याची मुकादमी गेली, टोळीत त्याला कोणी घेत नाही. आता तो नदीवर छिप्यांची छापलेली कापडं धुतो, पाण्यात उभा राहून, त्या वयात.

काल कुसुमला सगळं सांगितलं. तिने माझं ताट वाढलं आणि ती आत गेली. आता तुला सांगतो आहे, कारण तू लिहिलंस की सोमवारी तू पहिल्या बसने येतेस आणि कोर्टात माझ्या शेजारी बसून तुला त्या हमालाला मान खाली घालताना बघायचंय. ये, माणिक. पण मी पिंजऱ्यात उभा राहिल्यावर ते एक वाक्य म्हणून गप्प बसणार नाही. दोर का लावला नाही, तेही सांगणार आहे. नोकरी जाईल, कदाचित भेरूलालच्या जागी मी उभा असेन. हे तू भर कोर्टात परक्यांमध्ये बसून पहिल्यांदा ऐकावंस, एवढा अपराध आणखी करवेना, म्हणून हे पत्र. क्षमा मागत नाही, ती तुझ्याकडे कुठून असणार? एकच सांगायचं आहे. कोर्टात डाव्या हाताच्या शेवटच्या बाकावर भेरूलालची बायको बसते. दर पेशीला भैरवगढहून चालत येते. आपल्याकडचं कोणी त्या बाकावर बसत नाही. सोमवारी तू माझ्या शेजारी बसू नकोस, तिथे बस.

सोमवारपर्यंत तरी तुझाच,
शरच्चंद्रदादा