‘कट’नंतरची चार सेकंदं

ताई,

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं, एवढं आईला वाचून दाखव. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

वर्गाच्या गाण्याचा व्हिडिओ मीच एडिट केला. सर ‘कट’ म्हणाले तरी कॅमेरा जरा वेळ चालूच राहतो. त्या उरलेल्या चार सेकंदांत माझा गिटारवाला गाणाऱ्या मुलीची बट कानामागे सारताना दिसला. मी दहादा मागे नेऊन पाहिलं.

तेवढं कापलं. सरांना मात्र त्याचा चेहरा विरत जाऊन तिचा उमटायला हवा होता. तेही केलं. म्हणाले, हात छान बसलाय तुझा.

आईने त्याच्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर कुठवर आलाय? बाह्या राहिल्या असतील, तर माझ्या मापाच्या करायला सांग. इकडे थंडी वाढलीय म्हणावं.

तुझीच,
धाकटी