खांब निघणार नाहीत

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. नीलम्मा अक्कास,
धाकट्या गुरुसिद्धप्पाचा शि. सा. नमस्कार, शरणार्थी. वि. वि.

आधी हिशेब. मागच्या पत्रात तू विचारलंस, त्या लोखंडी खांबांवर किती पैसे घातलेस म्हणून. एका खांबाचा खरा खर्च सांगतो. भंगारातला पाइप दोनशे चाळीस, झोपाळ्याची जुनी साखळी तीनशे, सायकलीची टाकून दिलेली रिम साठ, सिमेंट-खडी शंभर. टोपलीची जाळी आणि वेल्डिंग घरचं. झाले सातशे. असे नऊ खांब. शिवाय सोसायटीच्या चेअरमन ईरप्पाच्या ओट्यावरचा रोजचा संध्याकाळचा चहा गेला, तो कशात धरायचा ते तूच सांग.

हे फोनवर सांगायचं तर निम्मं अक्कलकोट गोळा होईल आणि तुला तेवढं ऐकू येणार नाही. म्हणून पत्र. दोघांच्या वाट्याचे कान देवानं मलाच दिले, असं तूच म्हणतेस की.

आमची लेक श्रीदेवी पुण्याच्या शाळेत खेळ शिकवते. दिवाळीला आली तेव्हा तिनं पिशवीतून ताटलीएवढी प्लास्टिकची चकती काढली आणि म्हणाली, डिस्क गोल्फ. गोल्फ ऐकल्यावर मी हात जोडले. आपण ग्रिल-गेट बनवणारी माणसं, आपल्याला ते कुठलं झेपायला. तर ती हसली. याला हिरवळ नको, काठी नको, फी नको. एका दगडापाशी उभं राहून चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, खांबावरच्या साखळ्यांना आपटून ती खालच्या टोपलीत पडली की तो खांब झाला. सगळ्यात कमी फेकी ज्याच्या, तो जिंकला. आमच्या सोसायटीमागची मोकळी जागा तू पाहिली आहेस. बाभळी, खडक, उतार, कोपऱ्यात एक कडुलिंब. सगळे तिला पडीक म्हणतात. या खेळाला तीच लागते.

आता उन्हं कलली की निम्मी सोसायटी तिथं असते. मागच्या रांगेतली नागव्वा दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात मान मोडून शिलाई मारते. ती म्हणते, चकती फेकायला लागल्यापासून मान मोकळी झाली. आणि अक्का, चकती साखळीला लागल्याचा आवाज! पाठमोरा बसलेलो असलो तरी टोपलीत पडली की बाहेर गेली, मी सांगतो.

ईरप्पाला मात्र ती जागा लग्नाच्या लॉनसाठी मंडपवाल्याला भाड्यानं द्यायची आहे. भाड्यातून पाण्याची टाकी दुरुस्त होईल, असं तो म्हणतो. खांब काढ म्हणाला. मी म्हटलं, निघणार नाहीत.

लोभ आहेच, थोडा रागही माझ्यासाठी राखून ठेव, लागेल.
तुझा,
गुरुसिद्धप्पा


अक्कलकोट, ९ फेब्रुवारी

चि. गुरुसिद्धप्पास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकसष्टाव्या वर्षी ताटल्या फेकतोस, गुडघ्याचं तेल संपलं की मला कळव. चहा हिशेबात धरू नकोस. ईरप्पाच्या घरचा चहा तसाही पाणचट असायचा, हे तूच मला सांगितलं आहेस.

पण एक विचारते. खांब पुरताना कुणाला विचारलं होतंस का? का नेहमीसारखं आधी खड्डा आणि मग चर्चा? टाकी गळते हे खोटं नाही. त्याचं म्हणणं उडवून लावू नकोस. आणि सगळ्या पत्रात तुझ्या बायकोचं, आमच्या गंगम्माचं नाव एकदाही नाही. ती खेळते का, तिला काय वाटतं, ते लिही. तुझं तुला काय वाटतं ते मला न लिहिताही कळतं.

शेंगाची चटणी पाठवली आहे. डबा परत पाठव, मागच्यासारखा त्यात खिळे भरून ठेवू नकोस.
आशीर्वादासह,
नीलम्मा


सोलापूर, २० फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. शरणार्थी. वि. वि.

चटणी संपली, डबा रिकामा आहे, खिळे दुसऱ्या डब्यात आहेत.

विचारलं नव्हतं, हे कबूल. पण कचरा टाकताना तरी तिथं कोण कुणाला विचारत होतं? टाकीसाठी वर्गणी काढू म्हटलं, माझ्या वाट्याचं वेल्डिंग फुकट करीन म्हटलं. ईरप्पानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लावली. रविवारपर्यंत खांब न निघाल्यास सोसायटी कापून टाकील.

आता गंमत ऐक. शनिवारी सकाळी गेलो तर कडुलिंबाखालच्या नवव्या खांबावरून तेल ओघळत होतं. रुईच्या पानांची माळ, काळे उडीद, सगळं यथासांग. मागच्या गल्लीतल्या बायकांनी लोखंडाचे खांब मोजले, नऊ भरले. त्या धरून चालल्या की हे नवग्रह आणि झाडाखालचा तो शनी. मला हसू आवरेना. पण सोमवारी ईरप्पानं गॅस-कटरवाला पाठवला. त्या माणसानं तेल बघितलं, माळ बघितली, चपला काढल्या, हात जोडले आणि गाडी वळवली. ईरप्पाला सांगून गेला की आपल्याला साडेसाती चालू हाय, आपण हात लावणार न्हाय.

अक्का, मी डोकं चालवलंय. एक संगमरवरी फरशी बसवतो, थोडा शेंदूर लावतो. मग कुणाची छाती आहे खांबाला हात लावायची? लॉनवाला पळून जाईल. पैसा नाही, कोर्ट नाही, भांडण नाही.

गंगम्मा खेळते. चांगली खेळते असं लोक म्हणतात. तिला काय वाटतं ते विचारलं नाही, रोज तिथं असते म्हणजे बरंच वाटत असणार.

लोभ तुझा, युक्ती माझी.
गुरुसिद्धप्पा


अक्कलकोट, २५ फेब्रुवारी

चि. गुरुसिद्धप्पास,
आशीर्वाद. पत्र मिळालं त्याच दुपारी लिहिते आहे, यावरून काय ते समज.

फरशी बसवायची नाही. गळ्यात लिंग बांधणाऱ्या घरात जन्मलास आणि सायकलीच्या रिमेला शेंदूर फासायला निघालास? पण ते राहू दे, धर्माचं मी तुला शिकवत नाही. व्यवहाराचं सांगते. आज तेल घालतील. उद्या म्हणतील, चपला घालून आत येऊ नका. परवा म्हणतील, देवाच्या अंगावर ताटल्या कसल्या फेकता. मग बायकांनी महिन्यातले चार दिवस फिरकायचं नाही. मग कुंपण येईल, दानपेटी येईल, ट्रस्ट होईल. ट्रस्टचा अध्यक्ष कोण होईल सांगू? तुझा ईरप्पाच. खांब राहतील रे, खेळ जाईल. तुझ्या त्या नागव्वाची मान पुन्हा वाकलेलीच राहील.

जागा हवी असेल तर जागा हवी म्हणून भांड. देवाच्या पाठीमागे लपून भांडणारा भाऊ मला नको.

तेल पुसल्यावरच पत्र लिही.
नीलम्मा


सोलापूर, १० मार्च

ती. अक्कास,
शि. सा. शरणार्थी. वि. वि.

तेल पुसलं. म्हणून लिहितो आहे.

तुझं पत्र आलं त्या रात्री मी तुझ्यावर रागावलो होतो, हेही लिहून ठेवतो. शनिवारी सकाळी बादलीभर गरम पाणी, सोडा आणि काथ्या घेऊन गेलो. सगळ्यांच्या देखत खांब घासला. मागच्या गल्लीतल्या बायका तेलाच्या वाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांतल्या एका म्हातारीनं दरडावून विचारलं, शनी कुटं गेला. मी म्हटलं, आजी, तो हितं नव्हताच, हा खेळ हाय, आणि तिच्या हातात चकती दिली. तिनं फेकली ती थेट माझ्या नडगीवर. दुसरी साखळीला लागली. वाटी तिथंच दगडावर ठेवून ती तासभर खेळली.

ईरप्पाला ही बातमी चहा उकळायच्या आत कळली. देव गेला, आता कटर आणतो म्हणाला. मी त्याच्या ओट्यावर गेलो, बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं की तेल मीच पुसलं, म्हणजे आता अडवायला मीच आहे. काप, पण आधी सर्वसाधारण सभा घे. त्यानं हसत हसत रविवारची सभा लावली. पुरुषमंडळी आपल्या खिशात आहेत, असं तो आतल्या खोलीत कुणाला तरी सांगत होता. माझे कान तुला ठाऊक आहेत.

काल सभा झाली. ईरप्पानं टाकीचा खर्च मांडला, लॉनचं भाडं मांडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात धरला. मी म्हटलं, "लॉन झालं तर आपल्याच जागेत जायला आपल्याला पत्रिका लागेल. आज तिथं कुणालाच पत्रिका लागत नाही."  मतदानाला पहिला हात माझा वर गेला आणि मागोमाग हातच हात. लॉन फेटाळलं. टाकीसाठी वर्गणी ठरली, ती पण जाळीच्या झाकणासकट, झाकण माझ्याकडून. ईरप्पा हरला तो माझ्या त्या एका वाक्यानं, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

खांब उभे आहेत. यंदाच्या उन्हाळ्यात ये, तुलाही एक चकती देतो. साखळी वाजली की मी खूण करीन.

लोभ वाढवलास तरी चालेल, आता जागा आहे.
तुझा,
गुरुसिद्धप्पा


सोलापूर, १७ मार्च

ती. अक्कांना,
गंगम्माचा शि. सा. शरणार्थी.

तुमचं निराळं पाकीट आलं. माझ्या नावाचं पत्र कितीतरी वर्षांनी आलं, ह्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि मग दिलं. तुम्ही विचारलंत, सभेत खरं काय झालं. सांगते.

ह्यांचं भाषण चांगलं झालं असणार. घरी आरशापुढं ते मी चार वेळा ऐकलं होतं. पण सभेत ते सव्वापाचला बोलले. तेव्हा आम्ही बायका तिथं नव्हतो, मैदानावर आमचा डाव चालू होता. डाव संपवून सहाला गेलो, मतदानाच्या वेळी. काय करायचं ते सातव्या खांबापाशीच ठरलं होतं. आम्हाला ती जागा हवी आहे, अक्का. त्या जागेत का आलीस, किती वेळ थांबणार, स्वयंपाक झाला का, असं कुणी विचारत नाही. सबंध सोलापुरात माझ्यासाठी अशी दुसरी जागा नाही. ती मी लॉनसाठी सोडणार नव्हते आणि देवासाठीही नाही. तुम्ही तेल पुसायला लावलंत ते बरं केलंत. ह्यांना मी सांगितलं असतं तर फरशी दोन दिवस आधी बसली असती.

ईरप्पा चेअरमननी आम्हाला मागं सतरंजीवर बसायला सांगितलं आणि पुरुषांचे हात मोजायला घेतले. नागव्वा उठून पुढं गेली, टेबलावर चकती ठेवली आणि म्हणाली, "रजिस्टर काढा की. ज्याच्या नावावर घर हाय, त्याचाच हात मोजा."

रजिस्टर काढावं लागलं. घर घेताना बाईच्या नावावर घेतलं की कर्जाला व्याज कमी लागतं, म्हणून निम्म्याहून जास्त घरं बायकांच्या नावावर घेतलेली. आजवर सभेला येऊन सह्या नवरेच करत होते आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ईरप्पांचंही घर त्यांच्या बायकोच्या नावावर निघालं. ती आमच्यातच बसली होती. तिनं मान खाली घातली, पण हात वर केला.

ह्यांचा गुडघा बरा आहे. तुम्ही या, मी न्यायला येते. ह्यांच्यावर आहे तशीच माया असू द्या, आणि हे पत्र त्यांना दाखवू नका.

पहिला हात ह्यांचाच वर गेला, हे खरं आहे. पण आमचं घर माझ्या नावावर आहे, त्यामुळे तो मोजला नाही.

तुमची,
गंगम्मा