बेटावर दोघेच

२ नोव्हेंबर
टक्, टक-टक्, टक्. पहाटे जाग आली ती स्वप्नातल्या या आवाजानं. मलकापूरच्या शाळेत मास्तर अंगठीनं टेबलावर ठेका धरायचे आणि आम्ही सातवीची पोरं समुद्राची कविता म्हणायचो. खडकाळ बेट, त्यावर एक झोपडी, चहूकडून लाटा. समुद्र आमच्यातल्या एकानंही पाहिला नव्हता. रत्नागिरीहून मासळीच्या गाड्या पाणी ठिबकवत शाळेवरून जायच्या, त्या वासालाच आम्ही समुद्र म्हणायचो. शेवटचं कडवं काही केल्या आठवत नाही. किती वर्षं झाली.

काल सूनबाईनं, मानसीनं, मोबाइलवर एक बेट दाखवलं. काळा कातळ, कडा, दोन कॉटेज, एक विहीर. होडीनं जायचं. बघतच राहिलो. म्हटलं, हेच. सौ. म्हणाली, "मासे सोडून काय मिळतंय का तिथं खायला?" पण हसली. म्हणजे हो.

४ नोव्हें.
कॉटेजवाल्या परबांशी बोललो. "आजोबा, होडीतून उतरलं की चढ आहे. गुडघे कसे आहेत?" म्हटलं, उत्तम. (सौ.चे नाहीत. माझेही.) एक कॉटेज आमचं ठरलं. दुसरं अजून रिकामं. रिकामंच राहो.
संध्याकाळी कड्याजवळ बसायचं, शेजारी सौ., आणि कविता म्हणायची. लग्न झाल्यावर तिला पहिल्यांदा म्हणून दाखवली ती हीच. तेव्हापासून ऐकतेच आहे बिचारी.

७ नोव्हें.
सौ.च्या कुरुंदवाडच्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप झाल्यापासून घरात एक दिनकर शिरलाय. वर्गमित्र. भांड्यांचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. बायको गेल्या साली गेली. रोज चहाच्या वेळेला फोन. काय तो आवाज! स्पीकर न लावता मला खुर्चीत ऐकू येतो. गात असणार नक्की.
ती त्याला "ए दिन्या". तो तिला "शाले". शालिनीची शाले! मी आजवर "अगं"च्या पुढं गेलो नाही, ती "अहो"च्या. आज धीर करून "अगं शाले" म्हणून बघितलं. कपाळाला हात लावून म्हणाली, "बरं वाटत न्हाय का?"

१० नोव्हें.
मी पेपरामागं. ती फोनवर: "बेटात बसून किती कविता पाठ केल्या रे आपण, दिन्या!" आणि हसणं. पोटातून.
बेट! म्हणजे ही आधीच जाऊन आलीय. कुरुंदवाडला नद्यांचा संगम, असेल पात्रात एखादं. परकर खोचलेली ही, वल्हं मारणारा तो. आणि मला काय म्हणाली? मासे सोडून काय मिळतंय!
आमटीत मीठ कमी होतं. तसाच जेवलो.

१२ नोव्हें.
न राहवून विचारलं, "ते तुमचं बेट कुठल्या नदीत?"
बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून खालीच बसली. "अहो, नदीत कुठलं! कळकाचं बेट हो, शाळेमागचं. आख्खा वर्ग बसायचा सावलीला."
मलकापूरचा मी. बांबूच्या बेटांत लपाछपी खेळून वाढलो. आणि हा शब्द मला कळू नये? डोक्यात नुसता समुद्र.
हायसं वाटायला हवं होतं. नदीतल्या बेटावर न्यायला नावाडी तरी लागतो, तिसरा माणूस असतो. कळकाच्या बेटात शिरलं की बाहेरच्याला काय दिसणार... "आख्खा वर्ग" म्हणाली खरी.

१५ नोव्हें.
हे लिहू नये, पण.
दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर आतून कविता. माझी, समुद्राची; शाळेचं पुस्तक सगळीकडं एकच. फोनवर दिनकर एक ओळ, सौ. दुसरी. मी नेहमी जिथं अडतो तिथं दोघं आले, आणि थांबले नाहीत. शेवटचं कडवं तिनं एकटीनं म्हटलं, सरळ, न अडखळता. होडी परत येते त्यात. मी तेच विसरलो होतो.
"तुला येत होती?"
"येती की."
"मग मी इतकी वर्षं शेवटाला अडतोय, सांगितलं का नाहीस?"
"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही म्हणायचा, मी ऐकायची."
त्याच्याबरोबर मात्र ओळ आड ओळ.

१७ नोव्हें.
सौ. म्हणाली, "दुसरं कॉटेज रिकामं हाय न्हवं? दिन्याला सांगूया का? एकटा पडलाय हो. घरात बोलायला कोण न्हाय त्याला."
"परबांना विचारतो," म्हटलं आणि गॅलरीत गेलो. फोन लावला नाही. नुसता कानाला धरला. खाली राजारामपुरीतली क्लासची पोरं गाड्या काढत होती, त्यांच्याकडं बघत मान हलवली.
आत येऊन: "भरलं. पुण्याची मंडळी आहेत."
इतकं सफाईदार कसं निघालं तोंडातून?
"असू दे," म्हणाली. मग मेथी निवडत बसली. निवडून झालेलीच.

२१ नोव्हें.
बॅगा भरल्या. मलकापुरात नाष्टा, मग आंबा घाट, असा बेत सांगितला. "तुम्ही म्हणाल तसं." मानसी म्हणाली, "बाबा, हनिमूनला निघालाय जणू!" मी एकटाच हसलो.
शेवटचं कडवं लिहून दे म्हटलं. "तिथं गेल्यावर बघू."
चहाच्या वेळी फोन आला नाही. तिचे कान तिकडं. माझेही.

२२ नोव्हें.
उद्या निघायचं.
सकाळी बेल वाजली. दूधवाला समजून मीच दार उघडलं. माकडटोपी, काठी, कानात यंत्र. माझ्या खांद्याला लागेल एवढा माणूस. "पावणं, शालिनीचं घर हेच न्हवं?"
तोच आवाज. बहिरा आहे म्हणून ओरडतो. मी गायक समजत होतो!
सौ. हात पुसत आली. "दिन्या, तू?"
"अगं शाले, त्या परबाला मीच फोन केलता! तू ग्रुपवर टाकलेल्या फोटूवर नंबर हुता की. दुसरं कॉटेज रिकामंच हाय म्हणतोय. पुण्याचं न्हाय न् कुठलं न्हाय. भरलंय म्हणून कुणी सांगितलं गं तुला?"
सगळ्या जिन्याला ऐकू गेलं.
सौ.नं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं होतं.
"ये, बस," त्याला म्हणाली. मग मला: "अहो, चहा टाका."
हे वाक्य या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.
पाणी ठेवलंय. ओट्यावर वही ठेवून लिहितोय. बाहेर दोघं बसलेत. पाणी उकळायला लागलं. साखर कुठं असते मला माहीत नाही. विचारायला बाहेर जावं लागेल.