सहावं बटण

दि. ११ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारचे तीन

प्रिय धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? पाठ बरी आहे का, की अजूनही विजेच्या खांबावरून उतरलास की पहिली दहा पावलं म्हाताऱ्यासारखी टाकतोस? वहिनीचा दमा काय म्हणतो? थंडी पडायला लागली, तिला सकाळी सकाळी गार पाण्यात हात घालू देऊ नकोस. तुझ्या ठमीला आता अठरा पूर्ण झाली असतील. चष्म्याचा नंबर थांबला का, की वाढतोच आहे? आणि तुमचं ते एका कानाचं मांजर? ते गेलं असेल तर मात्र कळवू नकोस. माझ्या लेखी ते अजून तुझ्या टोपीतच झोपतंय.

मी ठणठणीत आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात, पण ते माझ्यावरच गेलेत, बोलल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि चौकशी करते आहे मांजराची. हसशील. हस.

एक बातमी सांगते. मला नोकरी लागली! अडुसष्टाव्या वर्षी. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा शिलाई मशीनवर चादर घालून ठेवली आणि महिनाभर नुसती खिडकीत बसले. शेजारणीने कुठूनसं ऐकलं की झेरॉक्सच्या दुकानाच्या वर एक ऑफिस निघालंय, त्यांना जुनं बोलणं समजणारी माणसं हवीत. गेले. तिथे यंत्राला आपली भाषा शिकवतात. हो, यंत्राला. चौथीत शाळा सुटलेली तुझी ताई आता मास्तरीण आहे, आणि विद्यार्थी असा गुणी की एकदाही पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारत नाही.

काम सोपं वाटतं. लोकांनी आपखुशीने दिलेली फोनवरची बोलणी असतात, पंधरा-वीस सेकंदांचे तुकडे. हेडफोन लावायचा, ऐकायचं, आणि बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते बटण दाबायचं. बटणं पाच. राग, आनंद, दुःख, भीती, साधं. एकच तुकडा तिघांना देतात आणि दोघांचं जुळलं की ते खरं धरतात. माझ्या उजवीकडे एक निवृत्त हेडमास्तर बसतात आणि डावीकडे निवृत्त बस कंडक्टर. कंडक्टर अजून सवयीने "पुढे चला, पुढे चला" म्हणत बटण दाबतात.

पहिल्याच आठवड्यात माझं नाव लाल यादीत गेलं. दोघांच्या विरुद्ध सारखी मी एकटीच! आमची साहेबीण म्हणजे सव्वीस वर्षांची पोर, केस मानेपर्यंत कापलेले, पण डोळे प्रेमळ. तिने मला काचेच्या खोलीत बोलावलं.

"आजी, हा तुकडा ऐका. बाई ओरडतेय, 'मेल्या, कुठे उलथला होतास, पाय मोडून ठेवते तुझे!' तुम्ही आनंद दाबलंय."

"मग काय दाबू? माया कुठे आहे तुझ्याकडे?"

"माया म्हणजे आनंदच ना?"

"लग्न झालंय का तुझं? नाही ना? मूल झालं की कळेल. मायेत अर्धी काळजी असते, पाव राग असतो, आणि उरलेलं काय असतं ते देवालाही ठाऊक नसेल. पुढचं ऐक की. शेवटी काय म्हणते ती?"

तिने पुन्हा लावलं. पाय मोडायची धमकी देऊन झाल्यावर बाई एक श्वास घेते आणि अगदी खालच्या आवाजात विचारते, "भिजलास का रे?"

पोरीने तुकडा थांबवला. मग म्हणाली, "आजी, हे मला कळलं. यंत्राला कसं कळणार? त्याला नियम लागतो."

मी म्हटलं, लिहून घे. शिवीच्या मागून विचारपूस आली तर माया. नुसतीच शिवी आली तर राग.

तिने खरंच लिहून घेतलं, रे. भिंतीवर लावलं, वर मोठ्या अक्षरात "आजींचा नियम". आणि पुढच्या सोमवारी पडद्यावर सहावं बटण आलं, माया. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही तर अभ्यासक्रमच बदललात." मी त्या दिवशी घरी येताना दोन जिने न थांबता चढले.

तुला वाटेल यात नियम काय सांगायचा, हे तर शेंबडं पोरही जाणतं. आपल्या घरात तरी जाणत होतं. बाबांनी उभ्या आयुष्यात कुणाला गोड शब्द दिला नाही. तुझ्या हातात पहिल्यांदा त्यांचा सुतारकामाचा रंधा दिला तेव्हा काय म्हणाले होते आठवतं? "घे, बोटं तासून घे." आणि मग संध्याकाळपर्यंत तुझ्या बोटांवरची नजर काढली नाही. मला ताप आला की "झालं, पडली महाराणी" म्हणायचे आणि कामाला जायच्या आधी पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायचे. तुला तर नावच नव्हतं घरात. गाढव. गाढव उठलं का, गाढव जेवलं का, गाढवाची परीक्षा कशी झाली. तू लाईनमन झालास तेव्हा गल्लीभर सांगत फिरले, "आमचं गाढव आता खांबावर चढतं."

दुसऱ्या घरातल्या माणसांनी ऐकलं तर त्यांना वाटावं, काय ही भांडकुदळ मंडळी. पण प्रत्येक घराची एक बोली असते. ती शब्दांत कमी आणि मागून येणाऱ्या पाण्याच्या तांब्यात जास्त असते. यंत्राला तांब्या दिसत नाही. त्याला फक्त आवाज ऐकू येतो.

एक गंमत सांगते. साहेबिणीने मला ते यंत्र बोलतं करून दाखवलं. आता ते उत्तरं देतं. मी त्याची थट्टा करावी म्हणून म्हटलं, "चल, चालता हो." तर ते अदबीने म्हणालं, ठीक आहे, गरज पडली तर पुन्हा बोलवा. आणि खरंच गप्प बसलं! सगळे हसले. मीही हसले. मग जागेवर येऊन हेडफोन घातला, आणि माझं हसू तिथेच थिजलं.

मुद्द्यावर यायला इतकी पानं लागली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माझा लौकिक, पण लेखणी उचलताना हात जड होतो.

गेल्या गुरुवारी एक तुकडा आला. कुणीतरी वयस्क बाई. एकच वाक्य, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." आणि फोन ठेवल्याचा आवाज. मी माया दाबलं. सवयीने नव्हे, खात्रीने. त्या बाईच्या आवाजातला सूर मी माझ्या हाताच्या तळव्यासारखा ओळखत होते. हेडमास्तरांनी राग दाबलं, कंडक्टरांनीही राग. साहेबीण आली.

"आजी, तुमचाच नियम. मागून काही आलेलं नाही."

"अगं, पण ती आतून रडतेय."

"कुठे ऐकू येतंय?"

मी अकरा वेळा ऐकलं. आवाज मोठा करून ऐकलं, डोळे मिटून ऐकलं. काही नव्हतं. वाक्य, आणि खट्. ती रडत असेलही, पण फोन ठेवल्यावर. ज्याच्यासाठी रडली त्याला ते कसं ऐकू जाणार?

शेवटी मी माझ्या हाताने राग दाबलं. मग बेसिनपाशी जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

धाकट्या, तू त्या दिवशी जिन्यात उभा होतास. बाबांना जाऊन दोन दिवस झाले होते. तुझ्या बुटांपासून गुडघ्यापर्यंत चिखल होता, हातमोजे अजून खिशात होते. वादळाने तुझ्याकडच्या सगळ्या तारा पाडल्या होत्या, तिथल्या दवाखान्यात अंधार होता, तुला सुटता आलं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी म्हटलं, "आता कशाला आलास? चालता हो. आम्हाला तू नाहीस."

चालता हो हे आपल्या घरात हजारदा म्हटलं गेलं असेल. तू कोपऱ्यापर्यंत जायचास, एक सिगारेट ओढायचास, परत यायचास. मला वाटलं, याही वेळी येशील. आत ओट्यावर तुझं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत तसंच होतं. पण ते ओट्यावर होतं आणि तू जिन्यात. तुझ्या वाट्याला काय आलं? शिवी, आणि मागून दार लावल्याचा आवाज. माझ्याच नियमाने तो राग ठरतो. तू बरोबर ऐकलंस. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, एवढ्या तेवढ्या शब्दावर भाऊ गेला. तू शब्दावर नाही गेलास. शब्दाच्या मागे मी काही ठेवलंच नव्हतं, म्हणून गेलास.

एवढ्यावर थांबले असते तर पत्र कालच संपलं असतं. काल इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं.

दार लावायच्या आधी मी आणखी एक बोलले होते. "बाबांनी शेवटपर्यंत तुझी आठवणसुद्धा काढली नाही."

ते खोटं होतं.

मी आठ दिवस आणि आठ रात्री त्यांच्या उशाशी होते, अंग पुसलं, कूस बदलली, आणि त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. विचारलं ते एकच. शेवटच्या दिवशी तीनदा. "गाढव आलं का?" तिसऱ्यांदा मी चिडून म्हटलं, नाही आलं, त्याला कामं आहेत. तर डोळे न उघडता म्हणाले, "लोकांकडे उजेड आला की येईल. अर्धं काम टाकून यायचं नाही ते. माझ्या हाताखाली शिकलंय." आणि त्यांच्या ओठांच्या कडेला हसू होतं. मी पाहिलं.

ते हसू तुझं होतं. ते मी तुला पोचवायला हवं होतं, आणि मी ते दाबून ठेवलं. का? मला हेवा वाटला, दुसरं काही नाही. उशाशी मी, आणि नाव तुझं. साठी उलटलेल्या बाईला हेवा वाटतो हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं.

तू सहा वर्षं काय समजून खांबावर चढत असशील, हा विचार गुरुवारपासून मला जेवू देत नाही. बाबा रागावून गेले नाहीत, रे. तुझा अभिमान धरून गेले. हे वाक्य पुन्हा वाच. वहिनीला वाचून दाखव. ठमीलाही सांग, तिचे आजोबा तिच्या बापाबद्दल काय म्हणाले ते.

माफ कर असं लिहायला गेले तर आपल्या घरात तो शब्दच नव्हता. असता तर मी नीट शिकले असते. ये म्हणते. रंधा मी सांभाळून ठेवलाय, पात्याला तेल देते, तो तुझा आहे. जिना तोच आहे, दाराची कडी आता मी दिवसा लावत नाही.

आणि यायला जमत नसेल, यावंसं वाटत नसेल, तर निदान लिही. लवकर लिही, पोस्टमन गल्लीत वळला की मी खिडकीत असते. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, माझ्या वाटणीच्या आहेतच त्या. फक्त नुसती शिवी पाठवू नकोस. मागून काहीतरी विचार. गुडघ्यांचं विचार हवं तर.

मी माझ्याकडून सुरुवात करते.

गाढवा, जेवलास का?

तुझी,
ताई