दादाने पाठवलेली सुरी

घणसोली गाव,
११ फेब्रुवारी १९९६

प्रिय हरेशदादा,

तुझं जहाज सध्या कुठल्या बंदरात असेल कोण जाणे. कंपनीच्या पत्त्यावर टाकतेय, लवकर मिळो. इथे सगळं ठीक. बाबांचा खोकला थांबलाय. मी अजून महाप्याच्या त्याच सर्किट बोर्डांच्या कारखान्यात आहे. आणि आपल्या मागच्या खोलीवर स्लॅब टाकला.

त्यासाठी कौलं उतरवली, तेव्हा वाशाच्या खाचेत तू जपानहून आईसाठी घेतलेली सुरी सापडली. आई गेली तेव्हा तू भर समुद्रात होतास, तेराव्यालाही पोचला नाहीस. नंतर तुझा मित्र ती सुरी घेऊन आला, तर बाबा एवढंच म्हणाले, "मासली चिरनारी गेली. आता सुरी कोनाला?" तेव्हाच त्यांनी ती तिथे खुपसली असणार. त्यानंतर घरात तुझं नाव कुणी काढलं नाही.

गळतीच्या पाण्याने पातं पार गंजलं होतं. मी ते भंगारात टाकायला निघाले, तर बाबांनी हातातून काढून घेतलं. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून आधी रॉकेल, मग बारीक पॉलिश पेपर. जाळं दुरुस्त करायला बसायचे ना, तसेच, मान खाली घालून. गंज गेला, पण पोलादातली ती नागमोडी नक्षीही गेली. पातं चमच्यासारखं कोरं! मी कामावरून आले तर ते हातात धरून बसलेले. म्हणाले, "पोरानं येवढ्या लांबून पाठवलं, नि मी घासून टाकलं गं." दादा, 'पोरानं' म्हणाले ते!

मी म्हटलं, बाबा, नक्षी वरून काढलेली नाही. दोन जातींचं पोलाद एकत्र ठोकून पातं केलंय, थर आतपर्यंत आहेत. आम्ही बोर्डावरचं तांबं ज्या रसायनाने उतरवतो, त्याने एक थर जास्त काळा पडेल, दुसरा कमी. साहेबांना विचारून बाटलीभर आणलं. पातं साबणाने स्वच्छ धुतलं, प्लास्टिकच्या डब्यात त्या तपकिरी पाण्यात उभं केलं. बाबा डब्यापासून हलेनात. "खाऊन नाय ना टाकनार?" सारखं तेच. मग काढून सोड्याच्या पाण्यात बुडवलं, धुतलं, आणि ओहोटीनंतर खाडीच्या चिखलावर राहतात तशा रेघा टोकापासून मुठीपर्यंत उमटल्या. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी बोईट मासे आणून स्वतः चिरले. तुकडे सगळे वाकडेतिकडे, पण आम्ही पोटभर जेवलो.

आता जे लिहायला बसले ते. माझं लग्न ठरलंय, बोनकोड्याच्या निशांतशी, अक्षय्य तृतीयेनंतर. तुला कळवू का, हे बाबांना विचारायची हिंमत होत नव्हती. कानपिळीला एखाद्या चुलतभावाला उभं करावं लागणार, असं मनाशी धरून चालले होते. काल जेवताना बाबा स्वतःहूनच म्हणाले, "नवऱ्याचा कान पिलायला सख्खा भाऊ हाय ना तुला? मंग त्याला लिही. घरी ये म्हनावं, बापानं बोलावलंय."

तुझीच वाट बघणारी,
सोनल